बावीसशे फूट

भालेरावांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते भोरच्या आमच्या ऑफिसच्या व्हरांड्यात उकिडवे बसून तांब्याच्या तारेची दोन टोकं जिभेला लावत होते. तारेचं भेंडोळं शेजारी पडलं होतं आणि त्याच्या पलीकडच्या टोकांना टॉर्चचे सेल जोडलेले होते. मी नवा कारकून, रुजू होऊन आठच दिवस झालेले. मी थबकून बघत राहिलो, तसे ते मान वर न करता म्हणाले, "मीटर बिघडलंय, भाऊसाहेब. जीभ अजून चालू हाय."

हे बोलताना ते हसले नाहीत. भालेराव हसायचे ते क्वचित, आणि हसले तरी आवाज करायचे नाहीत.

ते ऑफिसचे वायरमन. पन्नाशीला टेकलेला, उंच, वाळलेला माणूस. खाकी सदऱ्याचं गळ्यापर्यंतचं बटण उन्हाळ्यातही लावलेलं. उजव्या हाताच्या करंगळीचं शेवटचं पेर नव्हतं. फौजेत असताना बर्फानं गेलं, एवढंच ते सांगत. फौजेत त्यांचं काम टेलिफोनच्या तारा ओढायचं. गावानं बौद्ध धर्माची दीक्षा घेतली त्या वर्षी ते कुठल्याशा डोंगरावर तारेचं रीळ पाठीवर घेऊन चढत होते. रजेवर घरी आले तेव्हा भिंतीवर बुद्धाची तसबीर लागलेली होती आणि आईनं जुने देव नदीला पोचवले होते. ते म्हणायचे, "माझी दीक्षा माज्या मागारी झाली. पन झाली ते बरं झालं."

आमच्या ऑफिसात माठाशेजारी चार पेले पालथे घातलेले असत. भालेराव त्यांना हात लावत नसत. पिशवीतून स्वतःचा पितळी पेला काढायचे, वरून पाणी ओतून घ्यायचे, पिऊन झालं की पेला पुसून परत पिशवीत. कुणी काही म्हणायची वेळ ते येऊच देत नसत. एकदा मी म्हणालो, भालेराव, हे पेले आहेत की. ते म्हणाले, "ह्यो मापाचा हाय. बॅटरीत पानी घालायला लागतो." बॅटरीत पाणी घालायला त्यांच्याकडे काचेचं निराळं भांडं होतं, हे मला माहीत होतं. मला माहीत आहे हे त्यांनाही माहीत होतं.

आमचं ऑफिस एका बंधाऱ्याचं काम बघत होतं. विंझरच्या पुढे, रस्ता सोडून दीड कोस आत, डोंगरांच्या बेचक्यात. तो बंधारा पुढे पुरा झालाच नाही, त्यामुळे नाव सांगूनही कुणाला कळायचं नाही. सत्तरच्या पुढची पहिली दोन-तीन वर्षं ती. नदीच्या पात्रात पायाचा खोल खण घेतलेला होता. चाळीस-पन्नास माणसं खाली उतरून खडक फोडायची, बायका घमेली भरून शिडीनं वर आणायच्या. आदल्या वर्षी खाली लख्ख ऊन असताना वरच्या डोंगरात पाऊस झाला आणि एकाएकी लोंढा येऊन खणातलं सगळं सामान घेऊन गेला. त्या दिवशी बाजाराची सुट्टी होती म्हणून माणसं वाचली. त्यानंतर वर लिखापढी झाली आणि पुण्याहून एक यंत्र मंजूर झालं.

हिरव्या रंगाची, ट्रंकेएवढी पेटी. नदीच्या वरच्या अंगाला एका लोखंडी नळात तरंगता भोपळा बसवायचा. पाणी खुणेच्या वर चढलं की भोपळा उचलला जाणार, पेटी जागी होणार आणि तारेवरून खाली खणापाशी खबर पाठवणार. खाली स्टोअरच्या खोलीत घंटा वाजणार, खणातली माणसं वर येणार. पेटीला चालायला वीज हवी. वीज यायची मोटारीच्या बॅटरीतून, आणि बॅटरी ठेवायची खाली, स्टोअरच्या कुलपात. म्हणजे बॅटरीपासून पेटीपर्यंत तार न्यायला हवी. किती लांब न्यायची, एवढाच प्रश्न होता. भालेरावांच्या आयुष्याचं जे झालं ते या एका प्रश्नापायी.

तारेच्या बाबतीत त्यांचं एक बोलणं कायम असे. "तार आदी आपलं पोट भरती. उरलं तर यंत्राला." शाळेत शिकवलेलं सगळं मी विसरलो होतो, पण हे मात्र कळलं. तार जितकी लांब आणि बारीक, तितकी ती वाटेतच वीज खाणार. आणि वीज जाते तशी परतही येते, दोन तारा लागतात. "जाताना खाती आन येतानाबी खाती. लोकं येतानाचं इसरत्यात," ते म्हणायचे.

विंझरच्या एका दुकानदारानं हौसेनं ट्रकची जुनी बॅटरी आणून दुकानात ठेवली होती आणि तिच्यावरून चारशे फुटांवरच्या आपल्या घरात दिवा नेला होता. तार घंटेची, दोऱ्यासारखी. दिवा लागला तो विडीच्या टोकाएवढा. दुकानदारानं मोठा बल्ब आणला, तर उजेड आणखी कमी झाला. त्यानं भालेरावांना बोलावलं. आम्ही साइटवरून परतत होतो, मीही सोबत होतो. भालेरावांनी तार बघितली, पावलं टाकत दुकान ते घर अंतर मोजलं, खिशातल्या वहीत काहीतरी मांडलं आणि म्हणाले की या तारेनं तीस फुटांच्या पुढं दिवा न्यायचा नाही. दुकानदार म्हणाला, मग घरात पोरींनी अभ्यास कसा करायचा? भालेरावांनी त्याला दोन वाटा सांगितल्या, तार बदला किंवा बॅटरी घरात न्या. तो म्हणाला बॅटरी दुकानातच पाहिजे. भालेराव म्हणाले, "मग पोरीस्नी दुकानात बसवा." आणि खरंच, पुढे येता-जाता त्या दुकानात तागडीशेजारी दोन मुली पाटी घेऊन बसलेल्या दिसायच्या.

त्या वहीत त्यांची गणितं असत. इंग्रजी आकडे, मराठी शेरे. गणित करताना ते बॅटरी नवी धरत नसत. दमलेली धरायचे. यंत्रही स्वस्थ बसलेलं असतानाचं धरत नसत, कारण बसलेलं यंत्र वीज थोडीच ओढतं. पेटी खबर पाठवायला लागली की एकदम पाचपट ओढते. मीटर लावायचं ते त्या वेळी, असं ते मला बजावून सांगत, जणू मला कधी मीटर लावायचं होतं.

एवढ्या काटेकोरपणाचं मूळ मला एकदाच थोडंसं कळलं. साइटवर जेवताना मी विचारलं, फौजेतलं काही सांगा की. बराच वेळ भाकरी मोडत राहिले. मग म्हणाले की एकदा वरच्या ठाण्याला लाईन न्यायची होती. वरून हुकूम आला की आहे ती तार पुरेल. ती गाठी मारून, ताणून पोचवली. "पोचली, पन आवाज गेला न्हाई. खालून 'माघारी या' म्हनत व्हते. वर कुनाला ऐकूच आलं न्हाई."  ते उठून पेला धुवायला गेले.

आमचे साहेब इनामदार. पस्तिशीचे, कामसू, चिडले तरी कुणाला टाकून न बोलणारे. त्यांना वाईट म्हणणं मला आजही जमत नाही. पेटी जितकी वरच्या अंगाला तितका माणसांना वेळ जास्त, हे त्यांचं म्हणणं होतं, आणि ते बरोबर होतं.

भालेरावांनी आधी वेळ मोजायचं ठरवलं. एका सकाळी त्यांनी खणात सगळ्यांना नेहमीसारखं कामाला लावलं आणि वरून हातानं घंटा वाजवली. स्वतः घड्याळ घेऊन उभे. दोन शिड्यांवरून शेवटचं माणूस वर यायला पावणेचार मिनिटं लागली. ते शेवटचं माणूस म्हणजे धोंडाबाई. पाली गावाच्या वरच्या अंगाला धनगरांची वस्ती आहे, तिथली विधवा बाई, चाळिशीची. गुडघा धरलेला, त्यामुळे पायरीला थांबत यायची. वर येऊन कमरेवर हात ठेवून भालेरावांना म्हणाली, "तात्या, माज्यासाटी जरा आदी वाजवा की घंटा."

सगळे हसले. भालेराव हसले नाहीत. त्यांनी दुसऱ्या दिवशी बांबू आणून स्वतः तिसरी शिडी बांधली आणि मुकादमाला सांगून धोंडाबाईला वरच्या कामाला, वाळू चाळायला लावलं. पुन्हा घंटा वाजवून पाहिली, तेव्हा तीन मिनिटांहून थोडाच जास्त वेळ लागला.

मग त्यांनी गणित मांडलं. हातात जी तार होती तिच्यानं पेटी चौदाशे फुटांपर्यंतच चालणार. पण चौदाशे फुटांवरून लोंढा खणापर्यंत यायला तीन मिनिटंही लागत नाहीत. बावीसशे फुटांवर, जिथं नदी अरुंद होते तिथं पेटी बसवली, तर साडेचार मिनिटं मिळतात. म्हणजे जागा बावीसशेचीच हवी होती, आणि तार तिथवर पुरत नव्हती. लांबीला ती पुरत होती, भेंडोळं चांगलं मोठं होतं. ताकदीला पुरत नव्हती.

साहेबांच्या तंबूत यावर बोलणं झालं. मी टिपण घ्यायला होतो. भालेरावांनी दोन मार्ग सांगितले. दुप्पट जाडीची तार मागवा, किंवा बॅटरीच वर पेटीपाशी ठेवा; नुसती घंटेची खबर खाली यायला ही तार मैलभर चालेल. साहेब म्हणाले, जाड तार यायला सहा महिने लागतील, पाऊस दोन महिन्यांवर आलाय. आणि बॅटरी वर उघड्यावर ठेवायची नाही. मागच्या साइटवर त्यांच्या दोन बॅटऱ्या चोरीला गेल्या होत्या आणि त्या चौकशीचा कागद अजून त्यांच्या नावावर लटकत होता. राखणदाराची जागा मागितली तर वरून नकार आला होता.

"मग चौदाशेवर बसवा आन अजून दोन शिड्या द्या," भालेराव म्हणाले.

"खणाची एकच बाजू उताराची आहे, भालेराव. पाच शिड्या लावायच्या कुठं?"

हेही खरं होतं. शेवटी साहेबांनी ठरवलं, बावीसशे.

चाचणीच्या दिवशी कापूरहोळच्या गॅरेजमधून बॅटरी नुकतीच भरून आलेली होती. वर एका माणसानं हातानं भोपळा उचलला आणि खाली स्टोअरमध्ये घंटा खणखणली. मुकादमानं टाळी वाजवली. साहेबांचा चेहरा उजळला. ते भालेरावांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "काय, तुमच्या तारेचं पोट आज भरलेलं दिसतं."

"बॅटरी आजच आलीया, साहेब. चौथ्या दिवशी बगू," भालेराव म्हणाले.

चौथ्या दिवशी बघायला साहेबांना वेळ नव्हता, वर अहवाल त्याच दिवशी पाठवायचा होता. भालेरावांनी तो हातानं लिहून दिला. चाचणीत घंटा वाजली, असं लिहिलं, कारण ती वाजली होती. आणि खाली एक ओळ घातली. या तारेची मर्यादा चौदाशे फूट असून बॅटरी दर दोन दिवसांनी बदलली नाही तर यंत्रावर विसंबून माणसं खाली उतरवू नयेत.

तो कागद माझ्याकडे टाइप करायला आला. साहेब टेबलाशी आले आणि हळू आवाजात म्हणाले की खालची ओळ वगळा. ती वर गेली तर मंजुरी अडकेल, मग यंत्रही नाही आणि कामही नाही. बॅटरी आपण बदलूच. मी ओळ वगळली. खाली टाइप केलं, 'सही', आणि त्याखाली भालेरावांचं नाव. प्रतीवर तसंच करतात. मूळ कागद माझ्या टेबलाच्या खणात ठेवला.

बॅटरी बदलली जायचीही. एक स्टोअरमध्ये, एक कापूरहोळला भरायला, दर दोन दिवसांनी जीपनं अदलाबदल. शिवाय भालेरावांनी स्वतःहून एक नेम धरला होता. खणात काम चालू असेल तोवर ते वर पेटीपाशी एका खडकावर बसून राहायचे, गळ्यात शिट्टी अडकवून. साहेबांनी एकदा विचारलंही, की यंत्र असताना तुम्ही कशाला बसता? ते म्हणाले, "यंत्राला सोबत."

पाऊस सुरू होऊन दहा-बारा दिवस झाले होते आणि मग चार दिवस चांगली उघडीप मिळाली. काम अर्धवट होतं. खणातलं पाणी उपसून पुन्हा माणसं उतरवायची, एवढे चार दिवस साधून घ्यायचे, असा वरून निरोप होता. साहेब त्याच कामासाठी पुण्याला गेले होते आणि जीप त्यांच्याबरोबर गेली होती. बॅटरी बदलायचा दिवस टळला. दुसराही टळला.

तिसऱ्या दिवशी सकाळी भालेरावांनी पेटीपाशी मीटर लावलं, भोपळा उचलून पाहिला आणि खाली आले. मी हजेरीपत्रकं घेऊन आलो होतो, स्टोअरच्या खोलीत बसलो होतो. त्यांनी मुकादमाला बाजूला घेतलं. म्हणाले, बॅटरी दमली आहे, मी एस.टी.नं कापूरहोळला जातो आणि दुसरी घेऊन येतो. "म्या येईस्तवर खनात कुनाला उतरवू नका." थोडं पुढं गेले आणि परत फिरून आले. "मुकादम, ऐकलं न्हवं? कुनालाबी न्हाई."

मुकादम व्हय म्हणाला. त्यानं दुपारपर्यंत कुणाला उतरवलंही नाही. माणसं वर खडी फोडत बसली. ऊन लखलखीत पडलं होतं, वरच्या डोंगरावर थोडा काळोख होता, पण तो तिथं रोजच असायचा. जेवणं झाल्यावर मुकादमानं आभाळाकडे दोनदा बघितलं, खणाकडे बघितलं, आणि सगळ्यांना खाली उतरवलं. धोंडाबाई वर वाळू चाळत होती. खालच्यांनी पाणी मागितलं तेव्हा कळशी घेऊन तीच उतरली.

मी हजेरीच्या रकान्यात खुणा करत होतो. घंटा माझ्या डोक्यावर भिंतीला होती, तिच्याखाली वीज आहे हे दाखवणारा एक छोटा तांबडा दिवा. मला एक आवाज ऐकू आला. टक. एकदाच, भिंतीवर पाल बोलावी तसा. मी मान वर केली. घंटेची छोटी हातोडी किंचित हलून जागच्या जागी आली होती आणि खालचा तांबडा दिवा विझत चालला होता. तार कुठंतरी सैल झाली असेल असं मला वाटलं. मी पेनचं टोपण लावलं आणि उठावं की न उठावं, अशा विचारात बसलो. किती वेळ बसलो ते मला सांगता येत नाही. खालच्यांना वर यायला जी काही मिनिटं होती, ती हीच होती. मग वळणाच्या पलीकडून पाण्याचा आवाज आला.

तिन्ही शिड्यांवरून माणसं आली. तिसरी शिडी नसती तर किती राहिली असती याचा विचार मी अजून करतो. तिघं राहिली. विंझरचे दोन भाऊ, आणि धोंडाबाई.

भालेराव आले ते त्यानंतर तासाभरानं. एस.टी.नं त्यांना फाट्यावर सोडलं होतं आणि तिथून दीड कोस ते बॅटरी खांद्यावर घेऊन चालत आले होते. गोणपाटात गुंडाळलेली, तीस शेराच्या वर वजनाची. धावणारी माणसं त्यांना दुरूनच दिसली. तरी ते धावले नाहीत. आधी एक सपाट जागा बघितली, बॅटरी सांडणार नाही अशी सरळ खाली ठेवली आणि मग नदीकडे धावले. मला कित्येक वर्षं त्या कृतीचा अर्थ लागत नव्हता. आता वाटतं, हातांना जे माहीत होतं तेवढंच त्या क्षणी चालू राहिलं असेल.

वाटेत बॅटरीतलं ॲसिड त्यांच्या पाठीवर झिरपलं होतं. सदरा खांद्यापासून कमरेपर्यंत विरून गेला होता आणि खाली कातडी लाल झाली होती. ते संध्याकाळी माझ्या लक्षात आलं. मी कळशीनं पाणी ओतत राहिलो, ते उकिडवे बसून राहिले. त्यांनी एकदाच विचारलं, "घंटा वाजली का?"

मी नाही म्हणालो. टक असा आवाज झाला होता हे मी सांगितलं नाही.

धोंडाबाई दुसऱ्या दिवशी खालच्या डोहात सापडली. तिच्या वस्तीवर सांगायला कुणी जायचं, हा प्रश्न निघाला तेव्हा भालेराव पिशवी उचलून चालू लागले. मी त्यांच्यामागे गेलो. पालीवरून वर चढायला तास लागला. वस्तीवर चार खोपटी, शेळ्यांचा वाडगा. तिचा दीर म्हातारा होता, घोंगडी पांघरून बाहेर बसलेला. भालेरावांनी उभ्याउभ्याच सांगितलं. आतून बायकांचं रडणं सुरू झालं. म्हाताऱ्यानं घोंगडी आवळून घेतली. मग त्यानं विचारलं,

"पानी आल्यावर घंटा वाजती म्हनायची ती. वाजली न्हाई व्हय?"

"न्हाई."

"का वं?"

"तार लांब व्हती."

म्हाताऱ्यानं त्यावर विचार केला. "मंग आखूड का न्हाई लावली?"

भालेरावांनी पिशवी खांद्याला लावली. हात जोडले आणि वळले. उतरताना ते एकदा वाटेवर बसले. मला वाटलं पाठ दुखत असेल. ते नुसतं समोर बघत बसले होते.

चौकशी भोरच्या डाक बंगल्यात झाली. पुण्याहून एक वयस्क अधिकारी आले होते. साहेब एका बाजूला बसले होते, पंधरा दिवसांत त्यांचे गाल बसले होते. जबाब टिपायला मी होतो. भालेराव उभे. खुर्ची होती, त्यांना बसा म्हटलंही होतं, पण ते बसले नाहीत. पाठ खुर्चीला टेकत नव्हती हे एक, आणि दुसरं त्यांनाच माहीत.

अधिकाऱ्यांनी टाइप केलेली प्रत समोर धरली आणि विचारलं की यंत्र चालतं असं तुम्ही लिहून दिलंत ना?

"व्हय. त्या दिवशी चाललं."

"काही अट घातली होती?"

"घातली व्हती."

अधिकाऱ्यांनी प्रत उलटसुलट करून पाहिली. "यात दिसत नाही."

साहेब खिडकीबाहेर बघत होते. भालेरावांनी प्रतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. कुणी आपलं नाव घेईल का, अशी वाट बघितल्यासारखं. अधिकारी माझ्याकडे वळले आणि मूळ कागद आहे का म्हणून विचारलं.

मी म्हणालो, "फाइलला नाही, साहेब."

ते खरं होतं. कागद फाइलला नव्हता, माझ्या टेबलाच्या खणात होता. माझं लग्न ठरलेलं होतं, घरात दोन बहिणी होत्या. मी हे कारण म्हणून सांगत नाही. त्या वेळी माझ्या मनात जे होतं ते सांगतो आहे. पेन्सिल माझ्या हातात तशीच धरलेली होती आणि पुढचा प्रश्न आल्यावर मी लिहू लागलो.

अहवालात दोष वायरमनचा ठरला. चुकीची चाचणी दिली आणि कामाच्या वेळी जागा सोडली. भालेरावांची नोकरी गेली. मुकादम दुसऱ्या कामावर गेला. इनामदारसाहेबांची बदली झाली आणि पुढे त्यांनी नोकरीच सोडली, असं ऐकलं. बंधारा तसाच राहिला. तो कागद मी पुढच्या आठवड्यात पाणी तापवायच्या बंबात घातला.

भालेराव ऑफिसात एकदाच आले, हत्यारं जमा करायला. पक्कड, मीटर, शिट्टी, सगळं टेबलावर मांडून सही घेतली. माठाकडे गेले, पिशवीत हात घातला, आणि पाणी न पिताच निघून गेले.

पाच-सहा वर्षांनी मला ते दिसले. मी पुण्याहून भोरला येत होतो, कापूरहोळला गाडी बदलायची होती. फाट्यावरच्या एका गॅरेजपुढे ट्रक उभा होता आणि त्याच्या तोंडाशी ते वाकलेले होते. सदरा तसाच, गळ्यापर्यंत बटण. केस पूर्ण पांढरे. त्यांनी मला ओळखलं, हात पुसले, आणि गाडीला अजून वेळ आहे म्हणून बाकड्यावर बसायला सांगितलं. मुलाबाळांची चौकशी केली. मी चहा नको म्हणालो, त्यांनी मागवला.

मी ठरवून आलो नव्हतो. पण चहाचा कप हातात आला आणि तोंडातून गेलं, "भालेराव, ती ओळ मी गाळली होती."

"ठाऊक हाय." ते लगेच म्हणाले. "चौकशीच्या लई आदी. बॅटरीच्या मागनीसाटी फाइल चाळली व्हती, तवा प्रत दिसली."

"मग तेव्हाच का बोलला नाहीत?"

ते ट्रककडे बघत राहिले. "म्हनलं, कागदावर न्हाई तर न्हाई. म्या बसतोय न्हवं वर." मग हात पुन्हा पुसत म्हणाले, "ओळ असती तरी त्या दिवशी घंटा वाजली नसती, भाऊसाहेब. म्या तितं असतो तर शिट्टी वाजली असती. बॅटरी आनायला दुसऱ्या कुनालाबी धाडता आलं असतं. पन सांडंल, आपटंल, म्हनून म्याच ग्येलो."

मला घंटेच्या त्या टक आवाजाचं सांगायचं होतं. दिवा विझताना मी बसून राहिलो ते सांगायचं होतं. त्यांनी आपल्या माथ्यावर घेतलेलं थोडं तरी मला उचलता आलं असतं. मी तोंड उघडलं आणि तेवढ्यात भोरची गाडी फाट्यावर वळली. त्यांनीच माझी पिशवी उचलली, कंडक्टरला सांगून मला खिडकीशी जागा करून दिली आणि पिशवी आत दिली. मी खिडकीतून काहीतरी बोललो. इंजिनाच्या आवाजात ते त्यांना ऐकू गेलं नसावं, कारण त्यांनी नुसती मान हलवली.

गाडी सुटली तेव्हा ते ट्रकपुढे परत गेले होते. भर दुपारचं ऊन होतं. ड्रायव्हरनं आतून दिवे लावले असावेत. एवढ्या उन्हात दिवा लागला की नाही ते दिसत नाही, म्हणून भालेराव खाली वाकले, दोन्ही हातांच्या ओंजळीनं दिव्याला सावली केली आणि आत डोळा लावून बघत राहिले.